भीमाबाईचा उसना आवाज

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी जुनी आहे आणि संशयी आहे. मी म्हणजे टेप. हल्लीच्या कॅसेटमधली बारीक, डबीत कोंडलेली नव्हे. बशीएवढ्या चकरीवर गुंडाळलेली, तपकिरी रंगाची, उघडी फीत. आम्हाला लोक स्पूल म्हणत. उघड्यावर राहणाऱ्याला संशय घ्यावाच लागतो. कोणाचं बोट लागेल, कोण ओढेल, कोण पुसून टाकेल, काही नेम नसतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी नागपुरात इंदोऱ्याला होते, एका गायन मंडळाच्या ताब्यात. मंडळाने वर्गणी करून जुनं टेप-यंत्र घेतलं होतं, त्याच्यासोबत आम्ही चार बहिणी आलो. यंत्र केवढं म्हणाल, तर धान्याच्या पेटीएवढं. ते चालवायचं काम दादाजींकडे होतं. दादाजी कापडगिरणीत कामाला. दिवसभर विणकामाच्या साच्यांचा खडखडाट ऐकलेल्या माणसाला गाण्याची भारी हौस. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की मंडळाच्या बाया त्यांच्या अंगणात जमायच्या, दादाजी यंत्राची बटणं दाबायचे, आणि गाणी माझ्यात भरायचे.

त्या यंत्राला एक हिरवा डोळा होता. आवाज चढला की तो मिटायचा, उतरला की उघडायचा. सगळ्यांना त्याचं कौतुक. एकट्या भीमाबाईला नव्हतं. भीमाबाई म्हणजे दादाजींची बायको. आवाज तिचा सगळ्यात गोड, आणि यंत्रापासून सगळ्यात दूर बसणारी तीच.

"हा डोळा मले पाहून राहिला," ती म्हणायची. "माणसाचा आवाज म्हणजे श्वास असते जी. हे भूत तो घेऊन ठेवते. उद्या मले बोलताच नाही आलं तं?"

"अवं, काही नाही होत. आवाज तुह्याजवळच राहते," दादाजी म्हणायचे.

"वाटीभर साखर उसनी नेली तरी शेजारीण परत आणून देते. मंग यानं आवाज काहून ठेवून घ्यावा?"

शेवटी तोडगा तिनेच काढला. गाणं भरून झालं की ते लगेच एकदा वाजवून दाखवायचं. सगळ्या बायांनी समोर बसून ऐकायचं. आपला आवाज आपल्या कानात परत आला की हिशेब फिटला. मग घरी जायचं. आधी बाया हसल्या, पण हळूहळू ती रीतच पडली. आवाज परत घेतल्याशिवाय कोणी उठेना. एखादीला घाई असली तर भीमाबाई तिला दारातून मागे ओढायची, "थांब वं मनकर्णा, तुहा आवाज इथंच राहून गेला ना!"

खरं सांगू? मला त्या बाईबद्दल आपुलकी वाटायची. ती माझ्यावर संशय घ्यायची आणि मी सगळ्या जगावर. आमचं गोत्र एक.

एका वर्षी जयंतीची गाणी भरून झाली, तरी माझा निम्मा भाग कोराच राहिला. दादाजी मला यंत्रासकट घरात घेऊन गेले. त्यांच्या मनात काय आहे हे मी ओळखलं. यंत्राला वेगाची एक खुंटी होती. पुऱ्या वेगाला आवाज छान यायचा, पण टेप लवकर संपायची. अर्ध्या वेगाला टेप दुप्पट पुरायची. मंडळाची गाणी नेहमी पुऱ्या वेगाने भरली जायची. घरी मात्र दादाजींनी खुंटी हळूच अर्ध्यावर आणली. टेप समाजाची, तिच्यावर घरचं भरायचं, तर निदान कमी जागेत भरावं, असा त्यांचा विचार. समाजासाठी पुरा वेग आणि बायकोसाठी अर्धा. चांगल्या माणसांची काटकसर नेहमी घरातूनच सुरू होते, मित्रांनो.

भीमाबाई तेव्हा लहानग्या प्रेमिलाची वेणी घालत बसली होती. यंत्र चालू आहे हे तिला कळलं नाही. ती लेकीशी बोलत होती, मध्येच गुणगुणत होती. मग तिचं लक्ष हिरव्या डोळ्याकडे गेलं आणि तिने एकच गिल्ला केला. तोही माझ्यात भरला गेला. शेवटी तिने नेहमीप्रमाणे आपला आवाज परत मागितला. दादाजी हसत टेप मागे फिरवायला वाकले, आणि लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी यंत्र माझ्यासकट मंडळातल्या दुसऱ्या घरी गेलं, कारण ते ठेवून घ्यायची पाळी तेव्हा तिकडची होती. उद्या ऐकवू, परवा ऐकवू, असं होत राहिलं. भीमाबाई अधूनमधून विचारायची, "माहा आवाज आणला का जी?" दादाजी म्हणायचे, "आणतो ना." पुढे तिला कावीळ झाली. आवाज माझ्याकडेच राहिला.

ती गेल्यावर दादाजींनी मंडळाकडून मला मागून आणलं. पत्र्याच्या डब्यात ठेवलं, वरून सुतळी बांधली, आणि डबा कपाटावर चढवला. एकदाही वाजवलं नाही. सुरुवातीला त्यांचं धाडस होत नव्हतं. धाडस झालं तेव्हा यंत्र बिघडलं होतं. उन्हाळ्यात पत्र्याचा डबा तव्यासारखा तापायचा, पावसाळ्यात घामेजायचा. उंदीर झाकणावर नखं घासायचे. मी कान टवकारून पडून राहायचे.

एकदा नरखेडकडचा नातेवाईक लहानू आला. त्याची संत्र्याची बाग होती. डबा हलवून पाहत तो म्हणाला, "दादाजी, हे पडलंच हाय तं द्या ना मले. झाडाझाडाले ताणून बांधतो. वाऱ्यानं अशी भणभणते की राघू जवळ येत नाही. मंडळानं बाकीच्या तीन देल्ल्या मले."

म्हणजे माझ्या तिन्ही बहिणी संत्र्याच्या झाडांना बांधलेल्या होत्या! ज्यांच्या पोटात इतक्या बायांची गाणी, त्या आता राघू हाकलत होत्या. दादाजींनी त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि म्हणाले, "राघूले खाऊ दे दोन संत्री." बस, एवढंच. पण त्या दिवसापासून डब्याचं झाकण उघडलं की माझ्या अंगावर काटा येऊ लागला.

वर्षं गेली. प्रेमिला मोठी झाली, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स झाली. दादाजी गिरणीतून निवृत्त झाले, कानाने थोडे कमी झाले. घरात कॅसेट वाजवायचं छोटं यंत्र आलं. एके दिवशी प्रेमिलाने डबा खाली काढला. दादाजी म्हणाले, "ठेव वं तिथंच. तुटली-बिटली तं?"

"बाबा, मले आईचा हात आठवते. वेणी घालताना केस ओढायची, तेही आठवते. पण आवाज नाही आठवत. खूप प्रयत्न करतो जी, येतच नाही. तुमचे कान आहेत तोवर कॅसेट करून घेऊ. नंतर मले सांगणारं कोणी राहणार नाही की हीच आई म्हणून."

दादाजींनी डब्यावरची धूळ पुसली. तीच परवानगी समजून प्रेमिला मला बर्डीच्या बाजारातल्या मधुकररावांच्या दुकानात घेऊन गेली. दुकान कॅसेटींनी खचाखच भरलेलं. कोपऱ्यात एक स्पूलचं यंत्र, त्याला हिरवा डोळा नव्हता, नुसता थरथरणारा काटा. फळीवर आमच्या जातीच्या कितीतरी चकऱ्या, एकीवरही नाव नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. यांची माणसं कुठे गेली? यांच्या पोटातलं कोणी पुसलं?

"ठेवून जा ताई," मधुकरराव म्हणाले. "उद्या न्या."

"मी इथंच बसतो."

"अवो, तुमच्या टेपेत काय सोनं भरलं हाय का?"

"सोन्यावर दुसरं काही भरता येत नाही भाऊ. टेपेवर येते."

मधुकररावांना ते लागलं. पण त्यांनी मला यंत्रावर चढवलं. पुऱ्या वेगावर खुंटी लावली आणि मंडळाच्या बाया खणखणीत गाऊ लागल्या. प्रेमिलाचा चेहरा उजळला. गाणी चालू असतानाच तिची ड्युटीची वेळ झाली आणि ती तीनदा मागे वळून पाहत निघून गेली. मधुकरराव दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळले. गाणी संपली. घरचा भाग सुरू झाला आणि मला गरगरलं. अर्ध्या वेगाने भरलेली मी पुऱ्या वेगाने पळत होते. मला वाटलं, हा माणूस मुद्दाम करतो आहे. माझा जीव घेतो आहे. पण टेपेला स्वतःचं बोलता कुठे येतं? आमच्या तोंडून नेहमी दुसरेच बोलतात.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला मला आणि नव्या कॅसेटला घरी घेऊन आली. डब्याच्या सुतळीची गाठ वेगळी आहे हे दादाजींनी आधी पाहिलं. मग कॅसेट लावली. गाणी सुरू झाली तशी त्यांची मान डोलू लागली. "ही मनकर्णा... ही जयवंता, गेली बिचारी." आणि मग गाणी संपून एक चिवचिवाट सुरू झाला.

दादाजींनी यंत्राला कान लावला. "हे कोण हाय?"

"बाबा..." प्रेमिलाने वडलांच्या तोंडाकडे पाहिलं. "आईचा आवाज असा होता का?"

"तुही आई काय चिमणी होती? बदलली त्यानं टेप! गाणी ठेवली अन् तिले पुसून टाकलं. गाठ पाहूनच म्हटलं होतं मी!"

प्रेमिलाने आत जाऊन पदर चावला. तिला राग त्या दुकानदाराचा नव्हता. आपल्याला आईचा आवाज ओळखता आला नाही, ओळखायला वडलांकडे पाहावं लागलं, याचं तिला दुःख होतं. आणि मी? मला ठाऊक होतं की भीमाबाई माझ्यात आहे, जशीच्या तशी. पण ते डब्यातून कसं सांगणार?

दादाजी काठी घेऊन निघाले. पाठोपाठ मला छातीशी धरून प्रेमिला. दुकानात पाचसहा माणसं होती. दादाजींनी काठी काउंटरवर आपटली. "माही बायको कुठं हाय?"

गिऱ्हाइकं चपापली. मधुकरराव म्हणाले, "बाबूजी, कोणती बायको?"

"टेपेतली! तिच्या जागी भलतीच भरली तुम्ही."

"मी वीस वर्षं हा धंदा करतो जी. लोक स्पूल टाकून जातात, मी त्याही ठेवल्या आहेत फळीवर. एकही पुसली नाही. अन् तुम्ही मले चोर म्हणता?" मधुकररावांचा चेहरा लाल झाला. "आणा ती टेप. लावतो सगळ्यांसमोर. होऊन जाऊ द्या."

मी पुन्हा चढले. पुन्हा पळाले. चिवचिवाट झाला. गिऱ्हाइकं हसू लागली. आणि त्या चिवचिवाटात एका पोराचा बारीक आवाज आला, "बोल ना वं, भीमे."

दादाजी ताडकन पुढे झाले. "पाहा! पाहा! हे कोणाचं पोट्टं हाय? माह्या बायकोले भीमे म्हणते! अरे, चारचौघांत मी तिले प्रेमिलाची माय म्हणत होतो. भीमे तं फक्त मी म्हणो, तेही घरात, दार लावून..."

दादाजींची जीभ अर्ध्यावर थांबली. इतकी वर्षं दाराआड जपलेलं नाव त्यांनी स्वतःच बर्डीवर जाहीर केलं होतं.

प्रेमिला त्यांच्याकडे पाहू लागली. मग हसू आणि रडू एकाच वेळी फुटून ती म्हणाली, "बाबा, ते पोट्टं तुम्हीच आहात जी."

मधुकररावांनी कपाळावर हात मारला. "घरी भरताना खुंटी कुठं ठेवली होती बाबूजी?"

"अर्ध्यावर," दादाजी हळूच म्हणाले. "टेप समाजाची होती ना."

मधुकररावांनी खुंटी फिरवली, मला मागे नेलं, आणि सोडलं. मी सावकाश चालू लागले, जशी त्या दिवशी चालले होते तशी.

"हलू नको वं प्रेमिला. भांग वाकडा होते... केवढे गुंते हे, कुठं लोळून आली होती?" मग दोन ओळींचं गुणगुणणं. मग एकदम, "अवं माय! हा डोळा काहून उघडा हाय? चालू हाय का जी हे?"

"बोल ना वं, भीमे."

"यंत्रासमोर भीमे म्हणता? लाज नाही वाटत?" आणि तिचं हसू. मग यंत्राला दटावणी, "झालं ना रे भुता? दे आता माहा आवाज परत."

पुढे नुसती खरखर. तिथेच लाइट गेली होती.

प्रेमिलाचा हात आपोआप स्वतःच्या भांगावर गेला होता. आता तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. दादाजी यंत्रापुढे वाकले. भरल्या दुकानात, कोणाची पर्वा न करता, ते म्हणाले, "घे वं भीमे. घे. उशीर झाला."

निघताना त्यांनी मधुकररावांपुढे हात जोडले. मधुकररावांनी ते धरले आणि डब्याला सुतळी दादाजींच्याच हातून बांधून घेतली. नवी कॅसेट या वेळी योग्य वेगाने भरली गेली. ती आता रोज वाजते, मी डब्यात असते. चोर म्हणून ज्याच्याकडे मी डोळे वटारले, तो आवाज पुसणारा नव्हे, लोकांनी टाकलेले आवाज सांभाळणारा निघाला. तरीही त्या कॅसेटवर माझा पुरता विश्वास नाही. चकचकीत आहे, पण आत तीही फीतच. म्हणून मित्रांनो, नवी नक्कल झाली म्हणून जुनीला संत्र्याच्या झाडाला बांधू नका. तिला ऊन लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, आणि ती कुठल्या वेगाने भरली होती ते डब्यावर लिहून ठेवा.

आणि एक. कोणाचा आवाज घेतलात तर लाइट जायच्या आधी, त्याच बैठकीत, तो त्याला एकदा ऐकवा. मी कितीही जपला तरी तो माझा नाही. भीमाबाई म्हणायची तेच खरं, तो उसना असतो.