अरुणाताईंची तिवई

मित्रांनो, तीन शिसवी पाय, वर खाकी कॅनव्हास आणि घडी केली की काखेत मावणारी, अशी मी एक म्हातारी तिवई. दिल्लीतली मुलं मला ‘स्टूल’ म्हणतात. म्हणोत बापडी, माझा राग त्यावर नाही. तो कशावर आहे ते ऐका.

एकोणऐंशी साली सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझा जन्म झाला. अरुणाताई आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतर्फे आजाऱ्यांना भेटायला जात. पगार नाही, पद नाही. पहिल्याच भेटीत त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि कंबरेचं हाड मोडलेले गृहस्थ कळवळून ओरडले. ताई घरी येऊन रडल्या. तेव्हा त्यांचे यजमान बळवंतराव यांनी जुन्या खाटेचं लाकूड तासून मला घडवलं.

चाळीस वर्षं मी ताईंबरोबर बसने हिंडले. त्यांचा नेम पक्का होता: आधी बसायचं, मग ऐकायचं, प्रार्थना अगदी शेवटी. प्रार्थना आधी झाली की माणूस ‘आमेन’ म्हणतो आणि त्याच्या पोटातलं पोटातच राहतं, असं त्या म्हणत. पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात माझंही कौतुक केलं होतं. आठवडाभर मी फुगले होते.

मग ताईंचे गुडघे गेले आणि भेटींचं काम विलासकडे आलं. विलास उत्साही माणूस. एक गाडी, पाच जण, एका दुपारी बारा घरं! ताईंनी मला त्याच्या हाती दिलं आणि बजावलं, “मयूर विहारच्या अलकनंदाकाकूंना काहीतरी सांगायचंय. घरात मुलगा असतो, म्हणून फोनवर बोलत नाहीत. तू नुसता बस त्यांच्याजवळ.”

“बिल्कुल, ताई!” विलास म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत विलासने मला घडी न उघडताच दाराशी टेकवलं. पाचही जण उभे. उभ्या उभ्या प्रार्थना झाली, आमेन झालं. काकूंची नजर माझ्यावर पडली. “अरुणाची तिवई ना ती? बसा ना जरा. मला एक सांगायचं होतं...”

“देव सगळं जाणतो, काकू,” विलास हसून म्हणाला. “नोएडाला अजून चार घरं आहेत. चलो, एक फोटो घेऊ या.”

देव जाणतो, कबूल. पण काकूंच्या मुलाला, श्रीरंगला, कोण सांगणार होतं? माझा नुसता संताप झाला. त्या घाईत ते मलाही तिथेच विसरून गेले.

जिना शांत झाल्यावर काकू माझ्याकडे बघत बोलू लागल्या. “यांना अग्नी दिला, ते त्यांच्या हिंदू धर्माप्रमाणे योग्यच झालं. पण मला माझ्या आईवडिलांसारखं मातीत ठेवा, मराठी गीतं म्हणा. श्रीरंगला माझ्या तोंडून हे सांगवत नाही. बापाला परकं केलं असं वाटेल त्याला. अरुणा नीट समजावेल.” मी शब्द न् शब्द ऐकला. मित्रांनो, लाकडाच्या तिवईने ऐकून काय उपयोग?

पाचव्या दिवशी काकू गेल्या. श्रीरंगने वडिलांसारखाच आईला अग्नी दिला. त्याचा काय दोष?

त्यानंतर अरुणाताई एकेका पायरीवर थांबत तीन मजले चढून आल्या. विलासही आला. ताईंनी श्रीरंगला विचारलं, “आईला काय सांगायचं होतं रे?”

“मला तर काहीच बोलली नाही,” श्रीरंग म्हणाला. “तिने काहीही सांगितलं असतं ना, मी केलं असतं.”

“आम्ही भेटून गेलो होतो,” विलास घाईघाईने म्हणाला. “हा बघा फोटो.”

श्रीरंगने फोटो मोठा केला. पाच हसरे चेहरे, आणि मध्ये उशीवर आईचं तोंड अर्धवट उघडं.

“इथे ती बोलतेय,” तो म्हणाला. “काय म्हणत होती?”

विलासने फोटो जवळ घेऊन पाहिला. त्याला आठवेना.

मित्रांनो, माझ्या पायांना तेल लावू नका, कॅनव्हास बदलू नका. पण आजाऱ्याच्या घरी गेलात तर बसा. बसायला वेळ नसेल, तर कृपा करून जाऊच नका.