न धुतलेली थापी

मित्रांनो, माझे पाते झिजून निम्मे उरले आहे आणि मुठीला तार गुंडाळलेली आहे, म्हणून तोंड फिरवू नका. मी एक जुनी थापी आहे, गवंड्याची. लोहाराकडून माझ्या मिस्त्रींनी मला घेतले, त्याला तीस वर्षे झाली. या मोठ्या शहरातल्या कितीतरी भिंती आम्ही उभ्या केल्या. काम संपले की ते मला धुऊन पुसून ठेवत. "ताट एक वेळ खरकटं राहू दे, थापी नको," असे बायकोला सांगत. मला त्याचा फार तोरा होता.

एकदा नव्या इमारतीचा पाया खणताना जुनी भिंत लागली. मालक म्हणाला, आजच चार वाजता काँक्रीट ओतायचे. मिस्त्रींनी गुपचूप एक वीट पिशवीत घातली आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचे घर गाठले. त्यांना ओट्यावर बसवून बाई पुरातत्त्व कचेरीत धावल्या. तिथले साहेब म्हणाले, एकट्याच्या अर्जावर काम थांबत नाही. शहराच्या निरनिराळ्या भागांतल्या अकरा जणांनी मंडळ करून जबाबदारी घ्यावी आणि भिंत जुनी असल्याचा पुरावा आणावा.

तीन वाजता शाळेच्या एका खोलीत अकरा जण कसेबसे जमले. मिस्त्रींनी वीट टेबलावर ठेवली. जमलेल्यांपैकी एक, रुग्णवाहिकेचे चालक, हसले. "अहो, असल्या विटा माझ्या न्हाणीघरात आहेत." दोघे उठलेसुद्धा.

बाईंनी वीट फिरवून पाहिली. "मिस्त्री, हिच्यावरचा चुना कुठं गेला? भिंतीचं वय त्यावरूनच कळतं."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "खरवडला, बाई. ओट्यावर रिकामा बसलो होतो. जुनी वीट हातात आली की आधी साफ करायची, हात ऐकतच नाहीत."

दुसरी वीट आणावी, तर कामाच्या जागेच्या फाटकाला कुलूप लागले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खरवडले होते मीच ना!

मिस्त्रींनी मला रागाने पिशवीतून ओढले आणि त्यांचा हात थबकला. त्या दिवशी घाईत त्यांनी मला धुतलेच नव्हते. माझ्या मानेत, पाते मुठीला मिळते तिथे, चुन्याचा खडा अडकला होता.

बाईंनी चष्मा पुसला. "यात शिंपल्यांचा चुरा आहे. असा चुना जुन्या काळीच वापरत." मग त्या चालकांकडे वळल्या. "हा आहे का तुमच्या न्हाणीघरात?"

उठलेले दोघे खाली बसले आणि पहिली सही चालकांनीच केली. अकरावी मिस्त्रींची. उद्या त्या कामावर आपल्याला घेणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढले.

मग अर्ज, बाई आणि मी रुग्णवाहिकेतून कचेरीत निघालो. मला रुमालात गुंडाळून बाईंनी मांडीवर धरले होते. चार वाजायला सात मिनिटे असताना साहेबांनी काम थांबवायला फोन लावला. काँक्रीटची गाडी फाटकातूनच परत गेली.

आता मी मंडळाच्या कपाटात असते. थोडा चुना तपासायला गेला, थोडा माझ्या मानेत आहे. मिस्त्री येतात, सवयीने मला नळाकडे नेतात आणि अर्ध्या वाटेत थांबतात.

मित्रांनो, जमिनीत जुने काही सापडले, तर घासूपुसू नका. आहे तसे जाणत्याला दाखवा. ती वीटही माझ्या शेजारी ठेवली आहे, अगदी लख्ख. बिचारीला काही सांगता येत नाही.