शेरा: खु.

रकाना १. गावाचे नाव.

पडद्यावरच्या यादीत कुंभेशेत बुद्रुक होतं. कुंभेशेत खुर्द नव्हतं. यादी वरून येते, तिच्यात आपल्याला नाव घालता येत नाही. मी बुद्रुक निवडलं. ग्रामपंचायत दोन्ही गावांची एकच, तिथे संगणकावर मी बसते. राहते खुर्दला.

रकाना ४. मागासलेपणाचे कारण.

रोह्यात कंपन्या आहेत, म्हणून सरासरी काढली की तालुका पुढारलेला निघतो. त्यातून मागे राहिलेल्या गावांसाठी त्या वर्षी वेगळा निधी होता. मी लिहिलं: ओढ्यावर साकव नाही, पावसाळ्यात गाव तुटते.

माझी बहीण मनाली धाटावला एका कंपनीत पॅकिंगला होती. कंपनीची गाडी ओढ्याच्या पलीकडे डांबरी रस्त्यावर थांबायची. महिन्यात चार खाडे झाले की नाव कमी. हे लिहायचं होतं. शंभर अक्षरं संपली.

शेवटचा रकाना. शेरा.

साकव खु. येथे हवा, बु. येथे नको.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वाचलं. "शेऱ्यात टाकलंस ना? मग झालं."

निधी आला. फेब्रुवारीत खडी पडली. बुद्रुकला.

"गो दीपिका," आई म्हणाली, "आपला साकव तिकडं कशाला बांधतायत?"

"नाव त्यांचं गेलं."

"लिवलं कोणी?"

"मी."

आई तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

"त्यांना एक हाय ना आधीच?"

"व्हय."

"मग जुना तरी उचलून इकडं ठेवा म्हणावं," मनाली म्हणाली आणि स्वतःच हसली. तेव्हा ती कामाला जात होती.

मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी आमच्या प्रस्तावाची छापील प्रत काढली. तिच्यात शेरा नव्हता. पानावर सगळे रकाने मावत नाहीत, म्हणून शेवटचा काढून छापतात, त्या म्हणाल्या. चांगल्या होत्या. पाणी दिलं. काम सुरू झाल्यावर जागा बदलत नाही, म्हणाल्या.

जुलै.

सोमवार, खाडा.
मंगळवार, खाडा.
बुधवारी पाणी कमरेला होतं. मनाली डोक्यावर कपडे घेऊन गेली.
गुरुवार, खाडा.
शुक्रवार.

शनिवारी ऊन होतं. ती ओढ्यापलीकडे जाऊन उभी राहिली. गाडी थांबली नाही.

ऑक्टोबरात बुद्रुकच्या साकवाचा फोटो संगणकावर चढवायचा होता. फोटोत लाभार्थी लागतो. बुद्रुकची माणसं शिफ्टला गेली होती. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "ताई, कोणी रिकामं नाय का?"

मनाली रिकामी होती.

ती कठड्याला हात लावून उभी राहिली. मागे जुना साकव दिसत होता. "थोडं डावीकडं सरक," मी म्हटलं. सरकली.

"हस ना गो."

हसली नाही. फोटो चालला.

रकाना १. गावाचे नाव.

नवं वर्ष, नवा निधी, यादी तीच. मी बुद्रुक निवडलं. खाली प्रश्न आला: गावात साकव आहे काय? उत्तर आपोआप भरलेलं होतं. होय. शेजारी पुरावा म्हणून फोटो. मनाली, कठड्याला हात लावून.

मी शेवटपर्यंत खाली गेले. या वर्षी शेऱ्याचा रकाना नाही.