पाहुणा राजा

"पडदे ओढ काकू, सगळे ओढ!" मी ओरडले आणि काकांनी पहिल्या डब्याची चिकटपट्टी खेचली. टर्रर्र. अरे, असा वास आला ना! व्हिनेगरची बाटली फुटावी तसा, थेट नाकात.

काकू म्हणाली, "बघ, माझ्या सवतीचं अत्तर!"

सवत म्हणजे या डब्यांतला सिनेमा. काका टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. टॉकीज बंद पडली तेव्हा मालकाकडून एक मशीन आणि हे डबे मागून आणले, ते तेव्हापासून पलंगाखाली. शेक्सपिअरच्या नाटकावरून काढलेला, काळा-पांढरा, आणि कुठ्ठे मिळत नाही, नेटवर नुसतं पोस्टर! एक सरदार, त्याची बायको. घरी मुक्कामाला राजा येतो आणि दोघं त्याचा काटा काढतात.

आणि काकांनी शेवट पाहिलेलाच नाही! बाकीची रिळं मशीनच्या खोलीच्या खिडकीतून डोकावून पाहिली, पण शेवटच्या रिळाच्या वेळी पुढच्या खेळाची घाई. ते पाठमोरे उभे राहून आधीचं रीळ गुंडाळत असायचे.

"मागून आवाज यायचा," ते म्हणाले. "पानं सळसळायची. अख्खं जंगल चालत येतंय असा. आणि पब्लिक एकदम गप्प. म्हटलं, रिटायर झालो की बसून बघू."

मग गुडघे, मग मोतीबिंदू, मग बघू बघू. आता डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून आज.

पहिलं रीळ चाललं! थरथरत, पण चाललं. धुकं, घोडे, आणि ती बायको. काय बाई आहे! नुसती दारात उभी राहून हसते! राजा घोड्यावरून उतरतो, इतका साधा म्हातारा, तिच्या डोक्यावर हात ठेवतो.

काका पुटपुटले, "आत नको जाऊस, बाबा." इतक्या वेळा सिनेमा पाहिलेला माणूस!

दुसरा डबा. वास आणखी उग्र. फिल्म वेफरसारखी वाकडी, मशीनच्या दातांत बसेचना. तुटली. तिसऱ्यात कडांना पांढरी भुकटी. मधले डबे सोडून काकांनी एकदम शेवटचा मांडीवर घेतला, पट्टी काढली. आत रीळ नव्हतंच, काळी वडी होती. टोक शोधायला गेले, तर नख आत रुतलं.

मी फोनवर शोधलं आणि बोलून बसले, "काका, हे डबे सील करायचेच नसतात. आंबट वाफ आत कोंडते आणि तीच फिल्म खाते."

"दर वर्षी नवी पट्टी लावायचो," काका म्हणाले. "धूळ जाऊ नये म्हणून."

मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता.

मग काकू हळूच म्हणाली, "धूळ नाही ना गेली? मग झालं तर."

"काका, शेवट वाचून दाखवू? नाटक आहे इथे, अख्खं."

"नको."

त्यांनी पहिलं रीळ पुन्हा चढवलं.

"अहो, तेही जाईल हं आता," काकू म्हणाली.

"जाऊ दे."

आणि खुर्ची ओढून ते भिंतीसमोर बसले, मशीनकडे पाठ करून. मागे फिल्म तडतडत होती, कडेचे बारीक तुकडे फरशीवर पडत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. भिंतीवर राजा घोड्यावरून उतरत होता, हसत होता.