पाच फुगे आणि मास्तरांचा गळा

त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण दाढी करताना त्याचं तोंड कधी बंद नसे. तीस वर्षं त्याने गिऱ्हाइकांच्या गालावर वस्तरा फिरवला तो आरशात बघून गप्पा हाणत. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, ते बोटांना ठाऊक. मग पोटाचा कॅन्सर झाला. औषधांनी कॅन्सर गेला, पण जाता जाता बोटांची स्पर्शाची जाणही घेऊन गेला. शर्टाची बटणं आता बायको लावून देई. "लग्न नवं होतं तेव्हासुद्धा एवढे लाड नव्हते," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि बायको डोळे वटारी.

पण मनात धास्ती होती. वस्तरा पुन्हा धरता आला नाही, तर उरणार नुसती बडबड, आणि ती ऐकायला खुर्चीत कोण बसणार?

हॉस्पिटलात हातांचे व्यायाम घेणारी एक तरुण थेरपिस्ट होती. महिनाभर तिने त्याला तांदळात लपवलेली बटणं शोधायला लावली. मग एक दिवस तिने फुगा आणला, फुग्याला साबणाचा फेस फासला, त्याच्या हाती वस्तरा दिला आणि म्हणाली, "काका, लागोपाठ पाच फुगे न फोडता झाले, की माणसाची दाढी. तोवर नाही."

पहिल्या दिवशी सहा फुटले. फेस त्याच्याच मिशीला लागला. "ताई, फुग्यांचा माल हलका दिसतोय," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काका, तुम्ही बोलता तेव्हाच फुगा फुटतो. बोलताना तुम्ही वर बघता. आता बोटांचं काम डोळ्यांनी करायचंय. जरा गप्प राहून बघा."

असा अपमान त्याचा कुणी केला नव्हता. त्याने रागारागाने तोंड मिटलं आणि फुगा शाबूत राहिला. त्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की आनंद व्हायला थोडा वेळच लागला.

पाच फुगे जमायला आणखी तीन आठवडे गेले. दुकान उघडलं त्या दिवशी पहिले आले ते त्याचं जुनं गिऱ्हाईक, शाळेतले निवृत्त मास्तर. दुकान बंद होतं ते आठ महिने त्यांनी दुसऱ्या कुणाला दाढीला हात लावू दिला नव्हता. ती छातीपर्यंत आली होती. खुर्चीत बसून त्यांनी हनुवटी वर केली. रेडिओची बायको कापूस घेऊन दारात उभी राहिली.

रेडिओने आधी कात्री चालवली, मग फेस लावून वस्तरा धरला. तोंडातून शब्द नाही. सात किस्से घशाशी आले होते, ते त्याने गिळले. दोन्ही गाल झाले, तरी तो गप्पच. मास्तर चुळबुळायला लागले.

वस्तरा पुसायला उचलला तेवढ्यात त्यांनी हळूच विचारलं, "अरे, वाईट रिपोर्ट आलाय का?"

रेडिओने मान वर केली नाही. गळा बाकी होता. मास्तरांचे डोळे भरून आले, तेही त्याला दिसले नाहीत.

शेवटी त्याने टॉवेलने गळा पुसला आणि सवयीने बोटं फिरवली. बोटांना काहीच जाणवलं नाही.

"मास्तर, गुळगुळीत झालाय का बघा. मला कळत नाही."

मास्तरांनी गळा चाचपला. "झालाय. आणि रिपोर्ट?"

"चांगलाय. तुमचा गळा होता, म्हणून गप्प बसलो."

"मग आता बोल की, मेल्या," मास्तर म्हणाले आणि त्याच टॉवेलने डोळे पुसून खुर्चीत बसून राहिले.