सामायिक कंटेनर

परदेशात सामान पाठवणाऱ्या त्या कचेरीत ताईंना सगळे पाठीमागे 'नियमताई' म्हणायचे, आणि हे ताईंना ठाऊक होतं. आलेल्या गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि मग हळू आवाजात समजावायचं, की अख्खा कंटेनर भरेल एवढं सामान नसलं तर दहा-बारा घरांचे खोके एकाच कंटेनरात जातात. तो सामायिक कंटेनर. तो भरण्याला स्टफिंग म्हणतात, पलीकडे रिकामा करण्याला डीस्टफिंग, आणि ज्याच्या नावे सामान जातं तो कन्साइनी. एवढं झालं की एकच कळकळीची विनंती: तेल, अत्तर, औषध, पातळ असं काही नको. तुमची बाटली फुटली तर भोगतो शेजारचा खोका. खाली गोदामात कंटेनर भरणारा मुकादम म्हणायचा, ताईंचं 'नाही' इतकं गोड असतं की माणूस बाटली काढून देतो आणि वर आभार मानून जातो.

अशा या ताईंनी लेकीच्या खोक्यात तेलाचा डबा घातला होता.

लेक तिकडे बाळंत झाली होती आणि ताईंना जाणं जमलं नव्हतं. नातीच्या मालिशसाठी त्यांनी घरी मंद आचेवर तेल कढवलं, झाकण मेणाने बंद केलं, डबा दुलईत गुंडाळला आणि खोक्यावर लिहिलं, 'कपडे'. नियमताईंचा खोका उघडून बघणार होतं कोण? एवढंसं तर आहे, असं त्यांनी मनाला सांगितलं आणि मनानेही ते ऐकून घेतलं.

पलीकडच्या गोदामातून फोटो आले तेव्हा मालकांनी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. एका शिक्षिकेची पुस्तकं, कोणाच्या गाद्या-उशा, एका विधवेने मुलाला पाठवलेले नवऱ्याचे कोट, सगळ्यांवर तेल उतरलं होतं. खोके भिजून एकमेकांना असे चिकटले होते की गळती कुठली ते तिथल्या लोकांना सांगता येईना. मालकांनी मुकादमाकडे बघितलं. जड खोका हलक्यावर चढवला असणार, म्हणाले. यापुढे थप्पी लावायला दुसरा माणूस बघतो, तू गेटवर बस. वर्षानुवर्षं कंटेनर भरलेला तो माणूस, 'झाली असेल चूक, साहेब' एवढंच बोलला. तेलाचा तो पिवळा रंग ताईंनी फोटोतही ओळखला होता. बोलायची वेळ तीच होती. ताईंनी चष्मा पुसला.

सगळ्या घरांना कळवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. त्यांनी एकेकाला फोन करून हळुवारपणे समजूत घातली. मग लेकीचा फोन आला. डबा निम्मा रिकामा होता, पण उरलेल्या तेलाने बाळ कसं शांत झोपतं, हे ती कौतुकाने सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे ताईंना मान वर करवेना. मागितलं काय, तर हे आपोआप मिटू दे. मागताना लाज वाटली, तरी मागितलं.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. त्याच कंटेनरातून त्यांनी बहिणीला सामान पाठवलं होतं. खुर्ची दिली तरी बसेनात, पिशवी छातीशी धरून उभेच. अडखळत त्यांनी सांगितलं, की तुम्ही एवढं समजावूनही मी चादरींच्या घडीत बहिणीच्या डोक्याला लावायच्या तेलाची छोटी बाटली दडवली होती. तिला लहानपणापासून तेच लागतं. तुमचा फोन आल्यापासून डोळ्याला डोळा लागला नाही. बाटली धड पोचली का, हे बहिणीला विचारायचाही धीर होत नाही.

"ते तेल माझंच असणार," ते म्हणाले. "त्या सगळ्या लोकांना मी काय तोंड दाखवू?"

ताईंच्या छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं. ते हलकं झालं, याचीच पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटणार होती. एका छोट्या बाटलीने एवढे खोके भिजत नाहीत, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? तरी त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

"असू द्या, काका. होतं माणसाच्या हातून. मी नाही कोणाला सांगणार."

म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. फार मोठं मन आहे तुमचं, असं काहीतरी ते पुटपुटले. मग म्हणाले, थप्पी लावणाऱ्या दादांवर आळ आलाय असं खाली हमाल बोलत होते, त्यांची तरी माफी मागून येतो.

ताई नको नको म्हणेपर्यंत ते गोदामाचा जिना उतरलेसुद्धा. ताई मागोमाग धावल्या. खाली मुकादम हातगाडीवर बसून जेवत होता. सगळं ऐकून तो हसला. बाबा, म्हणाला, एवढ्याशा बाटलीने काय होतंय, कोणाचा तरी चांगला मोठा डबा असणार. तुम्ही घरी जाऊन निवांत झोपा. म्हातारे ऐकेनात. माझ्या पापापायी तुम्ही गेटवर का बसायचं, चला मालकांकडे, म्हणत त्यांनी मुकादमाचा हात धरला.

ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या. अजूनही मागे फिरता आलं असतं.

"काका, तेल माझं होतं," त्या म्हणाल्या. "लेकीच्या खोक्यात डबा होता. मुकादम, तुमची थप्पी बरोबरच होती."

मुकादमाने हातातला घास डब्यात परत ठेवला. रागावला नाही. ताईंकडे न बघता जेवणाच्या डब्याचं झाकण लावत बसला.

म्हातारे मात्र ताईंकडे बघत राहिले, काही केल्या उलगडा होत नसल्यासारखे.

"मग मघाशी," त्यांनी विचारलं, "तुम्ही मला माफ कशाला केलंत?"

वर मालकांच्या खोलीचं दार उघडं होतं. कोणालाही बरोबर या न म्हणता ताई वळल्या आणि कठड्याला धरून जिना चढू लागल्या.