दीडशे भाकरी आणि एक रजा

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. औशाच्या लोहाराने मला जाड लोखंडातून ठोकून घडवलं. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी लातुरात राहणाऱ्या मुलींच्या एका मेसमध्ये मी आठ वर्षं आहे. तवा तापतो तो जाळाने. मी मात्र एकदा माणसाच्या बोलण्याने तापलो.

माझ्यापुढे रोज लक्ष्मम्मा बसायची. उदगीरकडची, पन्नाशीची बाई. सकाळी दीडशे भाकरी, संध्याकाळी पुन्हा दीडशे. दर जूनमध्ये नव्या मुली आल्या की ती म्हणायची, "मालक, जोडीला एक बाई द्या." मालक राघवेंद्रराव हसून सांगायचे, "बाई मिळतच नाही हो. आणि तुमच्या हाताची चव कुणाला येणार?" पालक भेटायला आले की तिला पुढे करायचे. "ह्या आमच्या अन्नपूर्णा! आणि हा तवा म्हणजे सोनं!" लक्ष्मम्मा लाजून पदर सावरायची. खोटं कशाला बोलू, मीही फुगायचो. शाबासकी फुकट असते, हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

यंदा एप्रिल सरत आला तेव्हा तिची लेक सुकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माहेरी होतं कोण? वडील वारलेले, आई लातुरात शेगडीपुढे. शेजारची धोंडाबाई येऊनजाऊन बघत होती. दवाखान्याने दिलेली तारीख आणि मुलींची परीक्षा एकाच आठवड्यात आली.

लक्ष्मम्माने पंधरा दिवसांची रजा मागितली.

"आत्ता?" मालक ओरडले. "पोरींची परीक्षा तोंडावर, आणि तुम्ही चालल्या? पोरी उपाशी राहिल्या तर पाप कुणाला लागेल?"

"मालक, लेक एकलीच हाय घरी."

"बघा बाई. गेलात तर परत येऊ नका."

मित्रांनो, माझे काठ लाल झाले. पोरींची एवढी काळजी होती, तर आठ वर्षांत दुसरी बाई का नाही ठेवली? स्वतःचा कंजूषपणा, आणि पाप मात्र लक्ष्मम्माच्या पदरात!

तीन दिवस ती तशीच राबली. भाकरी थापता थापता पुटपुटायची, "जावं का ऱ्हावं? ह्या पोरीबी लेकरंच हायत." तिच्या हातून कधी न करपलेल्या भाकरी करपू लागल्या.

चौथ्या दिवशी मालकांनी मनस्विनी नावाच्या मुलीला तिची समजूत घालायला पाठवलं.

"मावशी, सरांनी तुम्हाला रडून थांबवायला सांगितलंय. पण मला रडूच येईना. ताईला कितवा महिना?"

"नववा सरत आला, माय."

"मग तुम्ही इथं काय करून राहिल्या?"

"तुमच्या भाकरी कोण करंल?"

"आठ दिवस खिचडी खाऊन कुणी नापास होत नाही, मावशी. पण परवापासून तुमच्या करपलेल्या भाकरी खाण्यातच आमची परीक्षा चाललीय!"

लक्ष्मम्मा खळखळून हसली आणि हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावला.

मळलेलं पीठ तिने वाया जाऊ दिलं नाही. तापला तवा पाण्याने धुवायचा नाही, ही तिची रीत; म्हणून मी निवेपर्यंत थांबली. मग मला पुसून भिंतीशी टेकवलं आणि मालकांसमोर जाऊन म्हणाली, "चालले म्या. परत या म्हणू नका, येणार न्हाई." दुपारच्या बसने ती उदगीरला गेली.

त्याच संध्याकाळी मालकांनी दोन बायका आणल्या. दोन! आठ वर्षं एक सापडत नव्हती, आणि चार तासांत दोन सापडल्या! मुली पोटभर जेवल्या. पाप कुणालाच लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मनस्विनीने मावशीला फोन केला आणि स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, की सुकन्याला मुलगी झाली आणि कळा सुरू झाल्यापासून आई तिच्या उशाशी होती.

मित्रांनो, जे हात तुम्हाला गरम भाकरी वाढतात, त्यांना नुसतं 'छान झाली' म्हणून उठू नका. जोडीला कुणी आहे का, रजा मिळते का, हेही विचारा. विचारायला लाजू नका. लाज वाटायचीच असेल, तर ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटू द्या.